काका-पुतण्याचं भांडण की यादवी? आळेगाव ते धोडप, एका शब्दाची चिकित्सा

धोडपला गेला असाल तर मधोमध खाच पडलेली ती कातळाची भिंत तुम्हाला आठवत असेल. नाशिकच्या ट्रेकर मंडळींचा हा लाडका किल्ला. त्याची माहिती कुठेही वाचा, पुस्तिकेत किंवा ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये, इतिहासाच्या वाट्याला दोन ओळी येतात. १७६८ मध्ये माधवराव पेशव्यांनी राघोबादादांचा इथे पराभव केला, त्यांना पुण्याला नेऊन शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं आणि पेशव्यांचा गृहकलह तात्पुरता मिटला. मग लगेच पाण्याची टाकी कुठे आहेत आणि मुक्काम कुठे करायचा.

या दोन ओळींत खोटं काही नाही. तरी मला त्यांच्यावर लिहायचं आहे, कारण तुमच्यापैकी बरेच जण पेट किंवा सेट-नेटच्या तयारीत आहात आणि प्रश्न एकच येतो: ‘संशोधन समस्या’ नीट मांडायची म्हणजे नेमकं काय करायचं? माझा विषय वनस्पतिशास्त्र, इतिहास नाही. पण आपल्याच जिल्ह्यातलं हे उदाहरण मला कुठल्याही संशोधन पद्धतीच्या पुस्तकापेक्षा जास्त कामाचं वाटतं. सगळी गंमत एका शब्दात आहे, ‘गृहकलह’.

आधी आमच्या विषयातलं एक सांगते, मग इतिहासाकडे वळू. द्राक्षबागेत पानं पिवळी पडलेली दिसली तर ‘पानं पिवळी पडली आहेत’ ही झाली नोंद. ‘लोह कमी पडलंय’ हे झालं निदान. चुनखडीच्या जमिनीत ते बऱ्याचदा बरोबरही निघतं. पण वहीत पहिल्याच दिवशी ‘लोहाची कमतरता’ असं लिहिलंत, की पाणी किती साचतंय, मुळं कुजलीत का, हे बघायला तुम्ही जातच नाही. गृहकलह हा शब्द असाच आहे. तो नोंदीच्या रकान्यात बसतो, पण असतो निदान. भांडण घरातलं होतं, कारण घरात होतं, म्हणून पुरावाही घरातच शोधायचा, एवढं सगळं तो गुपचूप ठरवून टाकतो.

आता घडलं काय ते थोडक्यात बघू. पानिपत १४ जानेवारी १७६१ ला झालं. त्याच वर्षी २३ जूनला नानासाहेब पेशवे पर्वतीवर वारले. पेशवाईची वस्त्रं सोळा वर्षांच्या माधवरावांना मिळाली आणि कारभार चुलते रघुनाथराव बघू लागले. दीड वर्षाच्या आत दोघांच्या फौजा समोरासमोर आल्या. नोव्हेंबर १७६२ मध्ये आधी घोडनदीच्या काठी आणि नंतर घोड-भीमेच्या टापूतल्या आळेगावला लढाई झाली. रघुनाथरावांच्या बाजूला निजाम अलीची कुमक होती. माधवरावांची बाजू पडली, तेव्हा ते स्वतः चुलत्याच्या छावणीत गेले आणि शरण आले.

इथे जरा थांबा आणि डोळ्यांपुढे जे चित्र आलं ते तपासा. ‘काका’ म्हटल्याबरोबर तुम्हाला कोण दिसलं? मी ओळखीतल्या पाच-सहा जणांना विचारलं, तर सगळ्यांच्या मनात पन्नाशीचा, पिकल्या मिशांचा, कावेबाज माणूस होता. रघुनाथरावांचा जन्म ऑगस्ट १७३४ चा. आळेगावला त्यांचं वय होतं २८. पुतण्या १७ वर्षांचा. दोघांत अंतर अवघं अकरा वर्षांचं. आणि हा २८ वर्षांचा माणूस चार वर्षांपूर्वी लाहोरपर्यंत मजल मारून आलेला सेनापती होता. म्हणजे एका बाजूला दहा वर्षं फौजा हाकलेला सरदार आणि दुसऱ्या बाजूला वारसाहक्कानं पद मिळालेला कोवळा मुलगा. हे नातं ‘काका-पुतण्या’ या जोडशब्दात मावत नाही. त्या शब्दानं आपण रघुनाथरावांना वयही दिलं आणि स्वभावही.

आनंदीबाईंचंही तेच. ‘ध चा मा’ ही आख्यायिका नारायणरावांच्या खुनाची, म्हणजे १७७३ ची. पण १७६२ च्या भांडणाबद्दल बोलतानाही आपण ती अकरा वर्षं मागे ओढत नेतो. यात फक्त आपल्या गप्पांचा दोष नाही. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये आला, त्यातही गोपिकाबाई आणि आनंदीबाई यांच्या वैराला कारणांमध्ये जागा आहे. नंतरच्यांनी ती जागा ऐसपैस केली. नाशिककरांसाठी एक गंमत: गंगापूर रोडनं गेलात तर आधी आनंदवल्ली लागते, आनंदीबाईंच्या नावानं ओळखली जाणारी, आणि त्याच रस्त्यानं पुढे गंगापूर, जिथे गोपिकाबाई उत्तरायुष्यात राहिल्या. दोघी ‘वैरिणी’ एकाच रस्त्यावर. ऐकायला छान वाटतं, पण पुरावा म्हणून याची किंमत शून्य.

मग आळेगावनंतर काय झालं ते बघा. मला वाटतं ‘गृहकलह’ शब्द इथेच उघडा पडतो. घरातलं भांडण जिंकलेला माणूस काय करेल? घरातल्यांना वठणीवर आणेल. रघुनाथरावांनी काय केलं? सखारामबापूंच्या हाती कारभार दिला. पुरंदर किल्ला पुरंदऱ्यांकडे गेला. प्रतिनिधिपद काढून घेऊन ते स्वतःच्या तान्ह्या मुलाच्या, भास्कररावाच्या, नावे केलं आणि त्याचे मुतालिक म्हणून नारोशंकर राजेबहाद्दरांना नेमलं. हो, तेच नारोशंकर. गोदाकाठचं घंटेचं देऊळ ज्यांच्या नावानं ओळखलं जातं आणि मालेगावचा भुईकोट ज्यांनी बांधला ते. मग फौज मिरजेवर गेली आणि गोपाळराव पटवर्धनांकडून ती घेतली. गोपाळराव थेट निजामाकडे निघून गेले.

यातलं एकही काम ‘घरातलं’ नाही. पदं, किल्ले आणि सरंजाम यांची ही फेरवाटणी आहे. सरंजाम म्हणजे काय, तर सरदारानं फौज पोसावी म्हणून त्याला तोडून दिलेला महसूल. मिरज गेली म्हणजे पटवर्धनांच्या पदरच्या स्वारांचा पगार गेला. पगार गेला म्हणजे फौज गेली. आणि फौज नसलेला सरदार १७६३ मध्ये कुणीच नव्हता. म्हणून गोपाळराव निजामाकडे गेले याला ‘फितुरी’ म्हणणं सोपं आहे, पण त्यातून काही समजत नाही.

फौजेची घडणही लक्षात घ्या. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा. तो मेला तर त्याचं भांडवल मेलं. बारगिराला घोडा धनी देतो, पण धनीच कर्जात असेल तर? पानिपतानंतर सगळेच कर्जात होते. पगार थकला की फौजेनं सरदाराच्या दाराशी धरणं धरायचं, हा त्या काळचा नेहमीचा प्रकार. अशा सैन्यात लढाईचा निकाल बऱ्याचदा मैदानाच्या आधीच लागतो: कोण आला, कोण आला नाही, कोण रातोरात सरकला. १७६३ च्या १० ऑगस्टला राक्षसभुवनला निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला आणि माधवरावांचं नाव झालं. पण त्याआधी नागपूरकर जानोजी भोसले निजामाची बाजू सोडून परत आले होते. ते नसतं झालं तर? हा प्रश्न ‘गृहकलह’ शब्द घेऊन बसलेल्याला सुचणारच नाही, कारण जानोजी त्या घरातले नव्हते.

आणि स्वतः निजाम? रघुनाथरावांनी मदतीच्या बदल्यात त्याला मुलूख आणि किल्ले द्यायचं कबूल केलं होतं. त्यात दौलताबादही होतं. जे उदगीरनंतर १७६० मध्ये मिळवलं, ते पावणेतीन वर्षांत परत द्यायची बोली. माधवराव शरण गेले याचं कौतुक त्यागासाठी होतं. राज्य दुभंगू नये म्हणून त्यांनी पड खाल्ली हे कारण ग्रँट डफनंही दिलं आहे. खरं असेलही. पण त्या क्षणी त्यांच्यापुढे दुसरा कुठला पर्याय उरला होता, हे विचारल्याशिवाय ‘त्याग’ हा शब्द लिहू नये. आजच्या सिनॉप्सिसमध्ये असं विशेषण दिसलं तर मार्गदर्शक लाल शाईनं गोल करतील, आणि बरोबर करतील.

रणजित देसाईंच्या ‘स्वामी’बद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुढे जाणार नाही. १९६२ ची कादंबरी, १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार, आणि माधवराव म्हटलं की मराठी वाचकाला आजही आठवतो तो त्यातलाच. मला ती आवडते. माधवराव आणि रमाबाई यांच्याभोवती ती उभी आहे, म्हणून त्यातलं राजकारण वाड्याच्या चौकातून दिसणार हे उघड आहे. कादंबरीकारानं ते निवडलं, त्याचा त्याला पूर्ण हक्क. तिनं सरंजामाचे ताळेबंद मांडावेत ही मागणीच चुकीची. तक्रार आहे ती आपल्याबद्दल. कादंबरीनं जागा निवडली वाड्याची. आपण ती जागाच इतिहासाची समजलो. ट्रेकच्या माहितीतला ‘गृहकलह’, शाळेच्या नोट्समधला ‘गृहकलह’ आणि भाषणातला ‘गृहकलह’, सगळे त्या चौकात उभे आहेत.

अमेरिकेचं उदाहरण इथे उपयोगी पडतं, कारण तिथे हीच गोष्ट बऱ्याच मोठ्या प्रमाणावर घडली. १८६१ ते १८६५ या युद्धाला तिथे काय म्हणायचं यावरच वाद. उत्तरेच्या सरकारी कागदांत ते ‘बंड’. दक्षिणेत अनेकांनी त्याला ‘राज्याराज्यांमधलं युद्ध’ म्हटलं. पहिली मोठी लढाई २१ जुलै १८६१ ची. उत्तरेनं तिला ओढ्याचं नाव दिलं, बुल रन. दक्षिणेनं जवळच्या गावाचं, मनासस. (आपल्याकडेही घोडनदी आणि आळेगाव, एक नदी, एक गाव. पण इथे त्या दोन वेगळ्या चकमकी आहेत, साम्यावर भाळू नका.) युद्ध संपल्यावर ‘भावाभावांतलं भांडण’ ही कल्पना तिथे फार लोकप्रिय झाली. दोन्हीकडचे म्हातारे सैनिक हस्तांदोलन करताहेत असे सोहळे झाले. डेव्हिड ब्लाइट या इतिहासकारानं २००१ च्या ‘रेस अँड रियुनियन’ या ग्रंथात दाखवलं, की या भाऊबंदकीच्या गोड चौकटीत युद्धाचं मूळ कारण, म्हणजे गुलामगिरी, आणि गुलामीतून सुटलेले लोक, दोन्ही बाजूला सारले गेले. भाऊ एकमेकांना भेटले, पण ज्यांच्यावरून लढाई झाली ते त्या फोटोत नव्हते.

आपल्या बाबतीत गुलामगिरीसारखं एकच मूळ कारण दाखवता येणार नाही, ती तुलना मी करत नाही. चौकटीचं काम मात्र तसंच चालतं. ‘घर’ म्हटलं की फोटोत काका, पुतण्या, आई, काकू. थकलेला पगार मागणारा शिलेदार, मिरजेचा वेढा सोसणारा माणूस, फौजा उतरल्यावर ज्याचं शिवार चारा म्हणून कापलं गेलं तो कुणबी, यांना त्या फोटोत उभं राहायला जागा नाही.

बुल रनवरून अजून एक शिकण्यासारखं आहे, ते म्हणजे लढाई ‘तेव्हाच’ का झाली हा प्रश्न. एप्रिल १८६१ मध्ये लिंकननं ७५ हजार स्वयंसेवक मागवले ते नव्वद दिवसांसाठी. जुलैत त्यांची मुदत संपत आली होती. फौज कच्ची आहे हे सेनापती मॅक्डॉवेलला माहीत होतं, तरी निघावं लागलं. म्हणजे लढाईच्या तारखेमागे भरतीचा करारही होता, नुसता द्वेष नव्हता.

हाच प्रश्न आता धोडपला विचारा. १७६७ मध्ये आनंदवल्लीला काका-पुतण्याची भेट झाली, बोलणी झाली, तह झाला. तरी १७६८ च्या उन्हाळ्यात रघुनाथराव पुन्हा फौज जमवू लागले. दामाजी गायकवाडांनी मुलगा गोविंदराव याच्याबरोबर माणसं पाठवली. होळकरांचे दिवाण गंगोबातात्या चंद्रचूड या बाजूला होते. ग्रँट डफ पंधरा हजारांवर फौज सांगतो, आधी गोदावरीकाठी, मग धोडपजवळ. वाट बघणं चाललं होतं जानोजी भोसल्यांची. माधवराव त्यांच्या आधी पोचले. १० जून १७६८ ला लढाई झाली, रघुनाथराव किल्ल्यात शिरले आणि शरण आले. जून महिना, पावसाच्या तोंडावर! मराठी फौजा साधारण दसऱ्याला निघायच्या आणि पावसाळ्यात घरी असायच्या. मग ही घाई का? जानोजी यायच्या आत गाठायचं होतं, हे एक कारण. पाऊस लागल्यावर सातमाळ्याच्या किल्ल्यातला माणूस चार महिने हाती लागला नसता, हे दुसरं असू शकतं. पगाराचा तगादा हे तिसरं. ही माझी अनुमानं आहेत, पण कागदांवर तपासता येतील अशी. ‘राघोबादादांची महत्त्वाकांक्षा’ हे मात्र कशावरच तपासता येत नाही, कारण ती १७६२ मध्ये होती, १७६८ मध्ये होती आणि मधली पाच वर्षंही होती. जे कायम आहे त्यानं तारीख ठरत नाही. हे वाक्य तुमच्या सांख्यिकीच्या वहीतही लिहून ठेवा.

आता ‘गृहकलह’ शब्दाची बाजूही मांडायला हवी, नाहीतर चिकित्सा एकतर्फी होईल. नातं खोटं नव्हतं. आळेगावनंतर रघुनाथरावांनी पुतण्याला मारलं नाही, धोडपनंतर पुतण्यानं काकाला मारलं नाही; वाड्यात ठेवलं. गंगोबातात्यांना मात्र कैदेत बरंच भोगावं लागलं. म्हणजे एकाच लढाईत हरलेल्या दोन माणसांना वेगळी वागणूक मिळाली आणि फरक नात्यानं केला. तेव्हा नातं हा घटक मोजायलाच हवा, पण अनेकांतला एक म्हणून. ‘यादवी’ हा पर्यायी शब्दही निष्पाप नाही. यादवांच्या कुळानं आपापसांत मारामारी करून स्वतःचा नाश केला, ती त्याची मुळं. तोही कुळाचाच शब्द. फक्त त्यात सगळं कूळ, सगळी फौज आणि शेवटचा विनाश येतो, म्हणून मला तो कमी धोक्याचा वाटतो. शिवाय त्यानं पुढची रांग दिसते. आळेगाव, धोडप, मग मार्च १७७४ मध्ये पंढरपूरजवळचं कासेगाव, जिथे त्रिंबकराव पेठे पडले, मग १७७५ चा सुरतचा तह आणि इंग्रज थेट मैदानात. ‘गृहकलह मिटला’ असं धोडपवर लिहिलं की ही रांगच तुटते.

साधनांबद्दल एक इशारा. या काळासाठी सगळ्यात भरघोस पत्रव्यवहार वासुदेवशास्त्री खऱ्यांच्या ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त मिळतो. १८९७ पासून त्यांनी तो छापायला घेतला आणि खंडामागून खंड काढले. एका शिक्षकानं मिरजेत बसून केलेलं हे काम बघितलं की आपल्या फेलोशिपच्या तक्रारी जरा खाली बसतात. पण ही पत्रं कुणाची? मुख्यतः पटवर्धनांची. म्हणजे ज्यांची मिरज रघुनाथरावांनी घेतली त्यांची. आमच्या भाषेत हा नमुना निवडीतला कल. रस्त्याकडेच्या शेतांतूनच नमुने घ्यायचे आणि तालुक्याबद्दल बोलायचं, तसं. पत्रं खरी असतात, लिहिणारा प्रामाणिकही असतो, तरी एकाच छावणीतून दिसणारं युद्ध ते एकाच छावणीचं. दुसऱ्या छावणीची खिडकी म्हणून मुंबईकर इंग्रजांचे कागद वाचता येतील: १७६७ च्या अखेरीस मॉस्टिन पुण्याला आला आणि त्याचा सहकारी ब्रोम नाशिकला रघुनाथरावांकडे गेला. अर्थात त्यांना दोघांच्या वैरातून फायदा हवा होता, तेव्हा वैर मोठं करून बघणं त्यांच्या सोयीचं. सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड तिसरीकडून आधार देतात.

तर सिनॉप्सिस लिहायचीच झाली तर शीर्षक ‘पेशव्यांचा गृहकलह : एक अभ्यास’ असं नको. ‘सरंजामदारांचे पक्षबदल आणि फौजेची देणी, नोव्हेंबर १७६२ ते जून १७६८’ असं काहीतरी धरा. कानाला रुक्ष लागतं, पण काय मोजायचं ते त्यात आहे, कुठे सुरू आणि कुठे बंद ते आहे, आणि निष्कर्ष आधीच सांगून टाकलेला नाही. एक अट मात्र टळणार नाही. फौजेचे हिशेब छापील खंडांत थोडे आणि पुण्याच्या पुराभिलेखागारात जास्त सापडतील, आणि तिथले कागद मोडीत आहेत. मोडी वाचायला हात बसेपर्यंत काही महिने जातात, म्हणून ती पेटच्या निकालाची वाट न बघता आत्ताच सुरू केलेली बरी.